एकतिसाव्या पानावरची ओळ: एका पीएचडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या गणित विभागात घडलेली ही हकीकत आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत, गणित मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. माणसं तीन: विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक (त्यांना इथे सर म्हणते) आणि सह-मार्गदर्शक म्हणून मी.

विद्यार्थिनी पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातून रोज एसटीने यायची. सकाळी तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवायची आणि दुपारी लायब्ररीत बसायची. सीएचबीवर काम करणाऱ्याला पीएचडीचं काय मोल असतं, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पाचवं वर्ष चालू होतं. थीसिसची पाच प्रकरणं टाइप झाली होती, त्यातल्या तिसऱ्यावरून एक पेपर एका जर्नलला गेला होता, आणि प्री-सबमिशन सेमिनारची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पडली होती. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्याआधी ही शेवटची विद्यार्थिनी पार पडावी, असं त्यांना वाटणं साहजिकच होतं.

विषय काय होता

डिस्क्रीट व्हॅल्युएशन रिंगवर ग्रुप कोसायकलपासून बनणाऱ्या ऑर्डर, हा विषय. ऐकायला जड आहे, पण त्याचं सगळ्यात छोटं उदाहरण एका फळ्यावर मावतं. या प्रकरणात जे काही घडलं ते त्या छोट्या उदाहरणातच घडलं, म्हणून तेवढंच सांगते.

रिंग म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येणारा संच. √−१ ला इ म्हणू. छेदात ५ चा पट नसलेले सगळे अपूर्णांक घेतले की एक डिस्क्रीट व्हॅल्युएशन रिंग मिळते. तिच्यात मूळ संख्या एकच उरते, ती म्हणजे ५. त्या अपूर्णांकांत इ मिसळला की मिळणाऱ्या रिंगला स म्हणू. आता क्ष नावाचं एक नवं चिन्ह आणायचं. ते इ च्या पलीकडे नेलं की इ चा −इ होतो, म्हणजे क्ष·इ = −इ·क्ष. आणि क्ष² = ब, जिथे ब ही ५ च्या रिंगमधली शून्य नसलेली संख्या. मग स + सक्ष ही गुणाकाराला बंद असलेली एक रिंग होते. हिलाच ऑर्डर म्हणतात. ग्रुपमध्ये सदस्य किती, या अर्थाच्या ऑर्डरशी तिचा काही संबंध नाही. एमएस्सीची मुलं दरवर्षी इथे अडखळतात.

इथे ग्रुपमध्ये सदस्य दोनच आहेत (इ तसाच ठेवणं आणि इ चा −इ करणं), त्यामुळे सगळा कोसायकल, म्हणजे नव्या चिन्हांच्या गुणाकारात येणारे गुणक, ब या एका संख्येत मावला. ग्रुप मोठा असला तर प्रत्येक सदस्यासाठी एक चिन्ह लागतं आणि सदस्यांच्या प्रत्येक जोडीमागे एक गुणक. ते गुणक एकमेकांशी जुळावेत, म्हणजे कंस कुठेही घातले तरी गुणाकार तोच यावा, ही अट म्हणजे कोसायकलची अट. गुणक सगळे स मधले हवेत, पण ते स मध्ये उलटे करता यायलाच हवेत असं नाही. ब = ५ चालतं. या सवलतीमुळेच हा विषय उभा राहिला. अशा, गुणक उलटे होतीलच याची खात्री नसलेल्या ऑर्डरचा पद्धतशीर अभ्यास डॅरेल हेल यांनी १९८७ मध्ये केला. पुढे जॉन काउटा यांनी नुसत्या कोसायकलकडे बघून ऑर्डर मॅक्झिमल आहे का, किंवा निदान हेरिडिटरी (मॅक्झिमलपेक्षा सैल असा एक गुण) आहे का, हे ओळखायच्या सोप्या कसोट्या दिल्या.

तिसऱ्या प्रकरणातला दावा असा होता: एक्स्टेन्शन (इ सारखं काही मिसळून केलेला विस्तार) अनरॅमिफाइड असेल, म्हणजे मूळ संख्या त्यात फोडली तर कुठलाही तुकडा दोनदा येत नसेल, ग्रुप सायक्लिक (एकाच सदस्याच्या घातांनी बनलेला) असेल आणि ब मध्ये मूळ संख्येचा घात जास्तीत जास्त एक असेल, तर ही ऑर्डर मॅक्झिमल असते. म्हणजे तिच्याहून मोठी ऑर्डर त्या अल्जिब्रात, म्हणजे सगळे अपूर्णांक चालवले की मिळणाऱ्या मोठ्या रचनेत, सापडत नाही.

अडचण

परिशिष्टात एक तक्ता द्यायचा होता. ब च्या वेगवेगळ्या किमतींसाठी ऑर्डरचा रिड्यूस्ड डिस्क्रिमिनंट (ऑर्डर जितकी लहान तितका मोठा येणारा एक आकडा) आणि शेजारी त्याच अल्जिब्रातल्या मॅक्झिमल ऑर्डरचा. इ असलेल्या विस्तारात २ ही संख्या रॅमिफाय होते, त्यामुळे २ चा भाग दोन्ही रकान्यांतून काढून टाकायचा. उरलेले आकडे सारखे आले की दावा खरा.

तक्ता सेज या गणिती सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहून केला होता. ब = ३, ७, ११ साठी ऑर्डरचे आकडे आले १२, २८, ४४ आणि मॅक्झिमल ऑर्डरचे ६, १४, २२. २ चा भाग काढला की दोन्हीकडे ३, ७, ११. छान. ब = ५, १३, १७ साठी ऑर्डरचे आकडे आले २०, ५२, ६८, आणि मॅक्झिमल ऑर्डरचा तिन्ही वेळा १. म्हणजे ५ च्या समोर १, १३ च्या समोर १, १७ च्या समोर १.

पहिला निर्णय इथे झाला, आणि तो चुकला. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "प्रोग्राम गंडलाय तुझा. तो २ रॅमिफाइड आहे ना, त्याचंच कायतरी मिसळतंय. बघ नीट." मीही मान डोलावली. तिने आठ दिवस प्रोग्राम तपासण्यात घालवले. २ वेगळा काढायच्या तीन रीती करून बघितल्या. आकडे तेच.

बिघडणाऱ्या संख्यांना ४ ने भागलं तर बाकी १ उरते आणि जुळणाऱ्यांना भागलं तर ३, हे आमच्या तिघांपैकी कुणीही त्या आठ दिवसांत मोठ्याने म्हटलं नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला हे आम्हीच शिकवतो. बाकी १ असेल तर मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होते, म्हणजेच इ आणला की तिचे दोन तुकडे पडतात. ५ = (२+इ)(२−इ). बाकी ३ असेल तर ती फुटत नाही.

मग जुलैचा पाऊस लागला. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, ४३ च्या धोका पातळीकडे निघालं आणि केर्लीजवळ रस्त्यावर आलं. एसटी बंद. ती घरी अडकली. लाइट जाऊन-येऊन, त्यामुळे लॅपटॉपही धड नाही. नाइलाजाने वही काढून तिने ५ चं उदाहरण हाताने केलं.

थीसिसच्या एकतिसाव्या पानावर एक ओळ होती. मराठीत सांगायचं तर, "ब हा नॉर्म असेल, तर सर्वसाधारणता न गमावता ब = १ धरू." हे का करतात ते सोपं आहे. ५ हा २+इ चा नॉर्म आहे, म्हणजे (२+इ)(२−इ) = ५. य = (२+इ)⁻¹क्ष असं नवं चिन्ह घेतलं, तर य² = १ येतं. ब = १ असताना स + सय ही दोन-बाय-दोन मॅट्रिक्सची पूर्ण रिंग होते, आणि ती तर मॅक्झिमल असतेच. दोन ओळींत सिद्धता संपते.

वहीत मात्र तिने उलटं लिहून बघितलं: क्ष = (२+इ)य. म्हणजे मूळ ऑर्डर आहे स + स(२+इ)य. त्या ऑर्डरमध्ये य पुढचा गुणक २+इ च्या पटीतच येऊ शकतो. त्या दुपारी तिचा फोन आला. आवाज तुटत होता, पण वाक्य स्पष्ट ऐकू आलं: "मॅडम, य आत नाहीये."

अल्जिब्रा तोच राहतो, कारण तिथे २+इ ने भागायची मुभा आहे. ऑर्डरमध्ये ती मुभा नाही. चिन्ह बदललं तेव्हा आम्ही नकळत मोठ्या ऑर्डरमध्ये जाऊन बसलो होतो, आणि मोठी ऑर्डर मॅक्झिमल आहे म्हणून धाकटीही मॅक्झिमल असं म्हणत होतो. तक्त्यातला ५ म्हणजे धाकटी थोरलीत किती पट लहान बसते त्याचा आकडा. प्रोग्राम पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

चूक इतके दिवस का दिसली नाही

यावर जरा थांबायला हवं. ती ओळ सरसकट खोटी असती तर कुणालाही दिसली असती. पण स मध्ये मॅक्झिमल आयडियल एकच असेल, म्हणजे स लोकल असेल (मूळ संख्या स मध्ये फुटत नसेल), तर दाव्यातल्या अटींखाली ती ओळ खरी आहे. ५ च्या जागी ३ घेऊन बघा. ३ फुटत नाही, म्हणून कुठल्याही नॉर्ममध्ये ३ चा घात समच येतो. ब मध्ये घात फार तर एक असेल आणि ब नॉर्म असेल, तर तो घात शून्यच हवा. मग ज्याचा तो नॉर्म आहे ती संख्या स मध्ये उलटी करता येते आणि य बिनधास्त आत येतो. तिने प्रकरण लिहिताना तपासलेली उदाहरणं ३ आणि ७ ची होती, दोन्ही न फुटणारी. हेल यांच्या कामातली सोयीची बाजूही लोकल स ची आहे. तिथून सेमिलोकलकडे, म्हणजे अशी आयडियल एकाहून जास्त असलेल्या स कडे, येताना ती ओळ तशीच सोबत आली.

आणि ती ओळ मी वाचली होती. माझ्या प्रतीत त्या पानावर पेन्सिलने बरोबरची खूण आहे.

समोरचे पर्याय

सेमिनारला सतरा दिवस होते. पाणी उतरल्यावर आम्ही तिघं सरांच्या केबिनमध्ये बसलो.

एक पर्याय सोपा होता: दाव्यात "स लोकल असेल तर" एवढे शब्द घालायचे. प्रमेय खरं होतं, सिद्धतेला हात लावावा लागत नाही, तारीख चुकत नाही. अडचण एवढीच, की मग त्यात नवं काहीच उरत नाही. लोकल बाबतीतलं सगळं १९८७ मध्येच झालेलं आहे.

दुसरा पर्याय विद्यार्थिनीने स्वतः मांडला: "मॅक्झिमल" खोडून "हेरिडिटरी" लिहायचं. हे फुटणाऱ्या संख्यांनाही लागू पडतं, आणि कारण सुंदर आहे. ५ च्या उदाहरणात क्ष ने तयार होणारं आयडियल (क्ष च्या सगळ्या पटींचा संच) घ्या. त्याने ऑर्डरला भागलं की उरतं स/५स, म्हणजे पाच-पाच सदस्यांच्या दोन फील्डची (शून्य सोडून कशानेही भागता येणाऱ्या क्षेत्रांची) जोडी. म्हणून ते आयडियलच रॅडिकल (सगळ्या मॅक्झिमल आयडियलचा समाईक भाग) आहे, आणि ते एकट्या क्ष ने तयार होतं. ऑर्डर हेरिडिटरी असायला एवढं पुरतं. ऑस्लँडर आणि गोल्डमन यांच्या १९६० च्या कामातून असं येतं, की ऑर्डर मॅक्झिमल असायला ती हेरिडिटरी तर हवीच, शिवाय रॅडिकलने भागून उरलेली रिंग सिंपल, म्हणजे एकसंध हवी. ३ च्या बाबतीत नऊ सदस्यांचं एकच फील्ड उरतं, म्हणून मॅक्झिमल. ५ च्या बाबतीत दोन तुकडे, म्हणून नाही. खरं सांगायचं तर या चार ओळी मूळ प्रकरणाच्या अकरा पानांपेक्षा सरस होत्या. पण हा निकालही काउटांच्या कसोटीतून सरळ मिळतो.

तिसरा पर्याय, प्रकरणच काढून टाकायचं. चार प्रकरणांचा थीसिस चालला असता, पण चौथं प्रकरण तिसऱ्यावर टेकलेलं होतं.

चौथा पर्याय म्हणजे तारीख पुढे ढकलून प्रकरण मुळापासून पुन्हा लिहायचं.

आणि या सगळ्याच्या बाजूला पेपरचा प्रश्न. तो जर्नलकडे होता, रेफरीचा अहवाल यायचा होता. सरांचं म्हणणं, रेफरी काय म्हणतो ते येऊ दे, दुरुस्ती तेव्हाच पाठवू, आत्ताच घाई कशाला. माझं म्हणणं, चूक आहे हे आपल्याला माहीत असताना दुसऱ्याला वाचायला लावणं बरं नाही. ती दोघांकडे बघत होती. सीएचबीवरच्या विद्यार्थिनीला दोन मार्गदर्शकांच्या मधोमध बसवून निर्णय घ्यायला लावणं हे बरोबर नव्हतं. ते त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

काय केलं

पेपर मागे घेतला. पत्र तिनेच लिहिलं, चार ओळींचं: ब = १ धरण्याची कपात सेमिलोकल बाबतीत चालत नाही, ५ चं उदाहरण सोबत जोडलं आहे. उत्तर दोन ओळींचं आलं, आभार मानणारं.

सेमिनार पुढे ढकलला. त्यासाठी अर्ज, समितीची मंजुरी, मुदतवाढ आणि मुदतवाढीचं शुल्क. हा भाग लांबवत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

प्रकरण नव्याने लिहिताना पहिलं पान या वाक्याने सुरू करायचं ठरलं: दोन कोसायकल क्षेत्रातल्या संख्यांनी एकमेकांत बदलता येत असतील तर अल्जिब्रा एकच, ऑर्डर एकच मानायची तर बदल स मध्ये उलट्या होणाऱ्या संख्यांनीच झाला पाहिजे. मग "सर्वसाधारणता न गमावता" हे शब्द सगळ्या थीसिसमध्ये शोधले. अकरा ठिकाणी सापडले. प्रत्येक ठिकाणी बदल कुठल्या संख्येने होतोय ते समासात लिहिलं. नऊ ठिकाणी ठीक होतं, एक म्हणजे ते एकतिसावं पान, आणि अकरावं चौथ्या प्रकरणातलं. तेही चुकीचंच निघालं, पण तिथे अट घालून भागलं.

मग तिने एक प्रश्न विचारला, आणि नवं प्रकरण त्यावरच उभं राहिलं: ऑर्डर मॅक्झिमल नसेल, तर तिच्यावर मॅक्झिमल ऑर्डर किती? ५ साठी उत्तर हातात होतं. य = (२+इ)⁻¹क्ष घेऊन एक मिळते, (२−इ)⁻¹क्ष घेऊन दुसरी. आणि मूळ ऑर्डर म्हणजे नेमका या दोघींचा छेद. ब मध्ये घात नेमका एक असेल, तर सायक्लिक बाबतीत स मध्ये जितकी मॅक्झिमल आयडियल, तितक्याच मॅक्झिमल ऑर्डर वर बसतात. हेरिडिटरी ऑर्डरच्या जुन्या सिद्धांतातून हे निघतं, आम्ही शोधलं असं नाही. पण तीन सदस्यांच्या ग्रुपसाठी तिने ते हाताने उलगडून दाखवलं. १ च्या सातव्या मुळांपासून मिळणारं त्रिघाती क्षेत्र घेतलं. त्यात २ फुटत नाही, तिथे ऑर्डर स्वतःच मॅक्झिमल. १३ चे तीन तुकडे पडतात, तिथे तीन मॅक्झिमल ऑर्डर आणि मधोमध आपली. ती आकृती तिने आधी खडूने फळ्यावर काढली. सर बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "आता कसं, डोळ्याला दिसतंय."

निकाल

थीसिस ठरल्यापेक्षा सात महिने उशिरा जमा झाला. त्या वर्षीची एक मुलाखत हुकली, पीएचडी हातात नव्हती म्हणून. ती मिळालीच असती असं नाही, पण हुकली हे खरं. पेपर पुन्हा पाठवला तो उदाहरणांचा छोटा लेख म्हणून, साध्या जर्नलला.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणावर एकच प्रश्न विचारला: "२ का वगळला?" तिने फळ्यावर ब = १ घेतलं. २ च्या ठिकाणी रॅडिकलने भागलं की दोनच सदस्यांचं फील्ड उरतं. ऑर्डर हेरिडिटरी असती तर, भागाकार एकसंध आहे म्हणून, मॅक्झिमल ठरली असती. अल्जिब्रा दोन-बाय-दोन मॅट्रिक्सचा आहे, तेव्हा मॅक्झिमल ऑर्डरला भागून दोन-बाय-दोन मॅट्रिक्सच उरायला हव्यात. त्या उरत नाहीत. म्हणून हेरिडिटरीसुद्धा नाही. शेवटी, ऑस्लँडर आणि रिम यांनी १९६३ मध्ये दाखवलेल्या टेम रॅमिफिकेशनच्या (एक तुकडा जितक्यांदा येतो ती संख्या मूळ संख्येच्या पटीत नसावी या) अटीचं हे सगळ्यात छोटं उल्लंघन आहे, असं म्हणून खडू ठेवला. परीक्षकांनी पुढचं पान उलटलं.

वेगळं काय करता आलं असतं

तक्ता आधी करायला हवा होता. परिशिष्ट म्हणून शेवटी ठेवला, त्यामुळे आकडे आले तेव्हा पेपर जाऊन महिना झाला होता.

उदाहरणं निवडताना प्रत्येक जातीचं एक घ्यायला हवं होतं: न फुटणारी, फुटणारी, रॅमिफाय होणारी. ३, ५ आणि २. याहून लहान आकडे नाहीतच. आम्ही ३ आणि ७ घेतले, कारण ते "छान" निघत होते.

ते आठ दिवस प्रोग्रामवर गेले याचा दोष मी तिला देत नाही. दोन अनुभवी माणसांनी सांगितल्यावर ती प्रोग्रामच बघणार. मी त्या दिवशी मान डोलावण्याऐवजी "५ हाताने कर" एवढं म्हटलं असतं तर दुपारच्या चहापर्यंत उलगडा झाला असता.

पेपर मागे घेण्याचा निर्णय आम्ही दोघांनी आधी आपसात बोलून तिच्यासमोर एकमताने मांडायला हवा होता. एकमत झालं नसतं तर तेही तिला नंतर, शांतपणे सांगायला हवं होतं.

सरांचं मत आजही बदललेलं नाही. मध्यंतरी रंकाळ्यावर फिरताना भेटले, तेव्हा पुन्हा विषय निघाला. म्हणाले, "मॅडम, रेफरीनं तीच चूक काढली असती, आणि पोरीचा पेपर दुरुस्त होऊन तिथंच छापला गेला असता. तुम्ही घाई केली." मी म्हणाले, रेफरीला दिसली नसती तर? त्यावर ते काही बोलले नाहीत. एक फेरी आणखी मारू म्हणाले.